अजून उंच आहोत, आई

ही कुणाच्या मावसबहिणीच्या मैत्रिणीची गोष्ट नाही. माझी आहे. मी त्या विमानात होते, खिडकीपाशी. आणि विमान माझी आई चालवत होती.

शाळेला नुकतीच सुट्टी लागलेली. त्या रात्री चंद्र नव्हता. विमानतळ टेकडीच्या पलीकडे, अलीकडे नुसतं रान.

आधी घरातली एक गंमत. ड्यूटीच्या आदल्या दिवशी आई जेवणाच्या टेबलाशी डोळे मिटून बसते आणि मनातल्या मनात विमान उतरवते. तिची सहवैमानिक मी! ओट्यावर बसून मी ओरडायचं, "दोन हजार फूट!" आईने म्हणायचं, "तपासलं."

मी जाम भाव खायचे.

खऱ्या विमानात हे काम चिमणीचं. चिमणी म्हणजे आईची सहवैमानिक. चणीने एवढीशी, आवाज मात्र भोंगा. आई म्हणते, अंधारात धावपट्टीचे दिवे तेवढे दिसले की डोळे फसवतात. वाटतं, आपण फार उंच आहोत. मग माणूस आणखी खाली जातो... म्हणून एकीने दिवे बघायचे, दुसरीने काट्यावरची उंची मोठ्याने सांगायची.

विमान उतरायला लागलं. मी काचेला नाक लावलं.

काळं... नुसतं काळं.

मग पंखावरच्या दिव्याच्या उजेडात काहीतरी हललं...

झाडांचे शेंडे होते.

पानं दिसत होती हो! शप्पथ!

"आई गं!" मी किंचाळले. त्याच क्षणी इंजिनं गरजली, मी सीटमध्ये चेपले गेले. आसपास सगळे रडत, ओरडत होते. विमान वर चढलं, पुन्हा फिरून आलं आणि नीट उतरलं.

मी स्टाफच्या खोलीत धावले. आई पाण्याचा ग्लास धरून बसली होती. चिमणी भिंतीला टेकून रडत होती.

"कॅप्टन, मी किती ओरडले! 'खाली आहोत, वर घ्या!' धोक्याचा इशारा देणारं मशीनही कोकलत होतं. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. हसलात, मॅडम! आणि म्हणालात, 'तपासलं.'"

"मला तुझा आवाज आलाच नाही गं."

"मग 'तपासलं' कुणाला म्हणालात?"

आईने ग्लास खाली ठेवला.

तिने सांगितलं ते एवढंच. धावपट्टीचे अलीकडचे दिवे एकेक करून नाहीसे झाले. टेकडी मध्ये आल्याशिवाय असं होत नाही. ते बघून तिने विमान वर खेचलं. चिमणीचा हात आधीच तिच्या हातावर होता. आणि तेव्हा कुठे सगळे आवाज एकदम कानात फुटले.

घरी आल्यावर मी तिला सोडलंच नाही. "आई, कानात काय ऐकू येत होतं? सांग ना!"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी दुसरीच कुणी आहे.

"तू," ती म्हणाली. "लाडात येऊन बोलतेस ना, तशी. 'अजून उंच आहोत, आई... अजून खूप उंच आहोत...'"

मी हे कधीच म्हटलेलं नाही. आमच्या खेळात फक्त आकडे असतात!

"डॉक्टरांना सांग. साहेबांना सांग. कुणाला तरी सांग, आई!"

"काय सांगू? लेकीचा आवाज आला म्हणून?"

आमचा खेळ बंद झाला. मी घरात आकडासुद्धा उच्चारत नाही. गणितसुद्धा मनातच.

आज सकाळी मी दात घासत होते. तोंडात ब्रश, तोंडभर फेस. आई टेबलाशी बसलेली, डोळे मिटून. उद्या तिची ड्यूटी आहे. पुन्हा रात्रीचीच.

मी दारात उभी राहिले. घरात दुसरं कुणी नव्हतं.

आईने मान किंचित कलती केली... कुणीतरी कानाशी बोलत असल्यासारखी.

मग ती हसली. अगदी लाडाने.

"तपासलं," म्हणाली.