ज्याचा बोल्ट, त्याच्या घरी

हे माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी वाचू नये, माझी काही हरकत नाही. पण मी आता ऐंशी पार केली आहे आणि या वयात गोष्टी रचायला मला कसली हौस?

वेळ रात्रीची नव्हती. मंगळवार होता, दुपारचे सव्वादोन.

जागा आमचं गॅरेज. पुढे गॅरेज, मागे घर, मध्ये एक खिडकी. माझे थोरले दीर आणि आमचे हे, दोघे भाऊ मिळून ते चालवायचे. दिरांना मी भाऊजी म्हणायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा गॅरेजमध्ये एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांनीच आमच्या ह्यांना हातात पाना धरायला शिकवलं.

मिस्त्रींची एक पद्धत होती. इंजिन खोलायचं झालं की आधी एक पुठ्ठा घ्यायचे. त्यावर इंजिनाचा नकाशा काढायचे आणि प्रत्येक बोल्टच्या जागी एक भोक पाडायचे. बोल्ट निघाला की लगेच पुठ्ठ्यावरच्या त्याच्याच भोकात. त्या भोकाला ते 'घर' म्हणायचे.

"सूनबाई, माणसाचं काय, कुठेही झोपेल. बोल्टाला मात्र स्वतःचंच घर लागतं. ज्याचा बोल्ट, त्याच्या घरी."

खोलण्याआधी बोल्टवर पान्याने तीन ठोके मारायचे. टक टक… टक. तिसरा जरा थांबून. गंजलेला बोल्ट त्याने सैल होतो म्हणे. मला स्वयंपाकघरात तो आवाज यायचा आणि कळायचं, कामाला सुरुवात झाली, आता चहा ठेवावा.

भाऊजींची एक पोपटी स्कूटर होती. घरीच रंगवलेली, पार नटबोल्टांसकट. मिस्त्री हसायचे, "टायर तेवढे का सोडलेत? त्यांनाही लावा की दोन हात."

मग तो दिवस आला.

एका जुन्या मोटारीचं इंजिन साखळीला टांगून बाहेर काढायचं होतं. साखळीच्या कडीतली पिन झिजली होती. मिस्त्रींनी साफ सांगितलं, नवी पिन आल्याशिवाय हात लावणार नाही. भाऊजी चिडले. मालक गाडीसाठी डोक्यावर बसला होता.

मिस्त्री हात धुवायला गेले.

मी मागे कपडे वाळत घालत होते. खिडकीतून सगळं दिसत होतं. भाऊजींनी स्कूटरच्या स्टँडचा एक पोपटी बोल्ट काढला. स्टुलावर चढले. कडीतली पिन काढून तो बोल्ट तिथे सरकवला.

मिस्त्री आले. "नवी घातली, मिस्त्री. चला."

"तुम्ही स्वतः बघून घातलीत ना?"

"हो हो. विश्वास नाही का माझ्यावर?"

कडी उंचावर होती. मिस्त्रींचा चष्मा खिशात होता. त्यांनी विश्वास ठेवला.

इंजिन त्यांच्या छातीवर पडलं.

माणसं गोळा व्हायच्या आत भाऊजींनी बोल्टाचे दोन्ही तुकडे उचलले आणि मागच्या गटारात टाकले. झिजलेली पिन जमिनीवर ठेवली. पोलिसांना म्हणाले, "मी नको नको म्हणत होतो. म्हाताऱ्याने हट्टाने जुनीच पिन लावली."

जन्मभर एक वायसर इकडचा तिकडे न केलेला माणूस… निष्काळजीपणाने मेला, असं कागदावर लिहिलं गेलं.

मी ह्यांना रात्रीच सगळं सांगितलं. ह्यांनी उठून गॅरेजकडची खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, "तू काही पाहिलं नाहीस."

तेराव्या दिवसानंतर मिस्त्रींची बायको, मिस्त्रीकाकू आल्या. त्यांनी माझा हात धरला. "सूनबाई, तुम्ही मागे होतात ना? खरंच ह्यांनी लावली हो ती पिन? लोक तोंडावर बोलतात. एकदा सांगा, मग मी परत विचारणार नाही."

मी म्हणाले, "मला नाही माहीत, काकू."

त्यांनी परत कधी विचारलं नाही. गाव सोडून गेल्या.

तीन वर्षं ते इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून होतं. मग गाडीच्या मालकाची मुलगी आली. वडील गेले होते, गाडी तिला पुन्हा चालती हवी होती. भाऊजी म्हणाले, "आधी वरचं खोलून बघू. पडलेलं इंजिन आहे, आत तडा गेला असेल तर पुढचं काम कशाला?"

तोच तो मंगळवार.

ह्यांनी सवयीने पुठ्ठा घेतला. दहा भोकं पाडली. हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, दहा बोल्ट काढून दहा घरांत बसवले. हेड उचललं. मी चहा घेऊन गेले होते, मीही वाकून पाहिलं. चारही सिलेंडर कोरडे, चकचकीत. तीन वर्षं बंद असलेल्या इंजिनात गंजाचा ठिपका नाही. ह्यांनी आतल्या भिंतीवरून नख फिरवलं. कुठे अडलं नाही.

"काल कोणी पुसून ठेवल्यासारखं आहे," हे म्हणाले.

"चांगलंच आहे की. तेवढंच काम वाचलं," भाऊजी हसले.

आम्ही जेवायला आत आलो. गॅरेजला बाहेरून कुलूप.

भाऊजींनी पहिला घास उचलला आणि…

टक टक… टक.

भाऊजींचा हात तसाच राहिला. हे उठले, कुलूप उघडलं. आत चिटपाखरू नव्हतं.

पुठ्ठ्यावर मात्र अकरा भोकं होती.

अकरावं नकाशाच्या बाहेर, एका कोपऱ्यात. आणि त्यात बसवलेला होता… बोल्टाचा अर्धा तुकडा. वरचा, डोक्याचा भाग.

पोपटी रंगाचा.

"ही कुणाची मस्ती आहे?" भाऊजी ओरडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना कळलं की मला सगळं माहीत आहे. तुकडा घेऊन ते गटाराकडे गेले. पाण्यात पडल्याचा आवाज मी ऐकला.

बुधवारी दुपारी तो जेवणाच्या टेबलावर होता. भाऊजींच्या ताटाखाली. फळीला गोल भोक पडलेलं, कडा अगदी गुळगुळीत, आणि त्यात तो घट्ट बसलेला. पकडीने ओढून काढावा लागला.

आता तो घरात आला होता.

"अरे, बंद करा ते इंजिन! नको आपल्याला ते काम!" भाऊजी किंचाळले. पण ह्यांनी हात लावायला नकार दिला. पहिल्यांदाच मोठ्या भावाला उलट बोलले.

"दादा, ते बंद करणं आपल्या हातात राहिलेलं नाही. काकूंना शोध. खरं काय ते सांग."

"तू गप्प बस! मेलेलं माणूस माझं काय वाकडं करणार आहे?"

गुरुवारी दुपारी भाऊजी एकटेच गॅरेजमध्ये गेले. दाराला आणि खिडकीला आतून कडी लावली. हेड बसवून इंजिन बंद करून टाकणार होते.

मी खिडकीपाशी होते. पहिल्यांदा पान्याचा आवाज आला. मग पाना पडल्याचा. मग काहीच नाही. त्या शांततेत मला माझ्या बांगड्यांची किणकिण ऐकू येत होती.

टक टक… टक.

दार मोडून आत गेलो. भाऊजी इंजिनाशेजारी उताणे पडले होते. डोळे उघडे. पुठ्ठ्यावरची सगळी घरं रिकामी होती. हेड जागेवर बसलेलं. दहाचे दहा बोल्ट मिस्त्री आवळायचे तसे आवळलेले. भाऊजींचे हात मात्र स्वच्छ होते, तेलाचा डागही नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. त्यांनी सदरा उघडला तेव्हा मी तिथेच होते. छातीवर डाव्या बाजूला एक निळा वळ होता. लहानसा, सहा कोनांचा.

पोपटी तुकडा पुन्हा कुणाला दिसला नाही. तो त्याच्या घरी गेला होता.

मुलीने इंजिन उचलून नेलं. गॅरेज बंद झालं. पुढे हेही गेले, त्यांच्या अंथरुणात, शांतपणे. काकूंना शोधायचं राहूनच गेलं. आज नको, उद्या बघू, असं करत पन्नास वर्षं गेली.

पण बोल्टाचे तुकडे दोन होते.

एक, ज्याने घातला त्याचा. दुसरा…

मी आता चौथ्या मजल्यावर एकटी राहते. इथे पाना नाही, पुठ्ठा नाही, साधा स्क्रू ड्रायव्हर नाही. मागच्या मंगळवारी दुपारी जेवून पडले होते. उठले तेव्हा पलंगाच्या उशाकडच्या लाकडी फळीत, उशीच्या बरोबर वर, एक भोक होतं. गोल. कडा गुळगुळीत. बोट घालून पाहिलं.

रिकामं आहे. अजून.

म्हणून हे लिहिते आहे. मिस्त्रीकाकूंचं कुणी, मूल, नातवंड, कुणीही हे वाचत असेल तर ऐका. ती पिन मिस्त्रींनी लावली नव्हती. मी पाहिलं होतं. मला माहीत होतं.

हे वाक्य लिहिताना आत, झोपायच्या खोलीत, दोन ठोके पडले.

मी पेन हातात धरून बसले आहे. तिसरा अजून पडलेला नाही.