भूपेंद्रच्या कॉलरचा बिल्ला

पुंडलिकरावांच्या कपिलेनं ऐन वेळी मान झटकली, आणि तृप्तीच्या हातातल्या चिमट्यानं गाईचा कान सोडून भूपेंद्रची कॉलर धरली. खट्... बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला पक्का बसला.

तृप्ती पांढुर्ण्याहून मोहगावात जनावरांना लाळ्या-खुरकूतची लस टोचायला आली होती. टोचायच्या आधी कानात बिल्ला लागतो. गाय धरायला मालकाचा हा पोरगा पुढे झाला, आणि इतका जवळ आला की त्याच्या शर्टाचा संत्र्याच्या पाल्याचा वास तिला आला.

"काढा ना, मॅडम."

"एकदा लागला का निंगत नाई तो."

"मंग... राहू द्या."

पुंडलिकरावांना आधीच वाटायचं, सुईनं दूध आटतं. रोग सौंसरपर्यंत आलाय, एक निरोगी गाय तीन रोगट गाईंइतकं दूध देते, चारा वाचतो, पाणी वाचतं, रान वाचतं, दुनियेचा भार हलका होतो... तृप्तीनं सगळं सांगून पाहिलं.

"दुनियेचं मंग पाहू," ते पोराकडे बोट दाखवत म्हणाले. "बिल्ला लागलाच हाये, त पहिले या बैलाले आठ दिवस पायतो. धड राहिला, त टोच माह्या गाई."

तृप्ती रोज बैलाची खबर घ्यायला येऊ लागली. चौथ्या दिवशी पुंडलिकराव विजयी चेहऱ्यानं दारातच उभे. पोरानं चारा सोडला होता. रस्त्याकडे पाहत नुसता रवंथ करायचा. काल तर लाळही गळली म्हणे. आता सुई नाही म्हणजे नाही.

तृप्तीनं भूपेंद्रला हौदापाशी गाठलं.

"जेवून काहून नाई राहिले?"

"तुमी गेल्या का भूकच मरते."

तिचे कान तापले. पण गोठ्यात अकरा गाई होत्या. "तुमच्या भुकेपायी त्या मरतीन, समजलं?"

"समोर बसान... त जेवतो."

बसली. चार दिवस, रोज. तो तिच्याकडे पाहत सात-सात भाकरी चापायचा. आठव्या दिवशी त्यानं एकट्यानं दोन एकर कपाशी डवरून तण काढलं, आणि पुंडलिकरावांनी मुकाट्यानं अकरा गाई आणि बैलजोडी दावणीला आणून बांधली. त्यांचं पाहून बाकी गावानंही आपली जनावरं टोचून घेतली.

महिन्याभरात रोग चहूकडच्या गावांत शिरला. मोहगावातलं एक जनावर लंगडलं नाही, दूध थेंबानं घटलं नाही. पोळ्याच्या तोरणाखाली पुंडलिकरावांची जोडी सगळ्यांत पुढे होती, आणि तेच तृप्तीला हाक मारून लोकांना सांगत होते, "म्या पहिले पोरावर तपासली, मंग गाईले टोचली."

जोडीमागे भूपेंद्र. तोच शर्ट, तोच बिल्ला.

तृप्तीनं मोबाईल काढला. बिल्ल्याचा नंबर तिनं त्याच दिवशी जनावरांच्या नोंदणीत चढवला होता. "जात: गावरान. वय: सव्वीस. स्वभाव: गरीब," तिनं वाचलं. "मालकाचं नाव तेवढं भराचं राहून गेलं."

"भरा ना मंग," तो हळूच म्हणाला. "का... माह्या बापाचं टाकता?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. खाली मान घालून, एकेक अक्षर दाबत तिनं लिहिलं... तृप्ती.