पाठीवरची बटणं

हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाही. मीच घाबरले आहे, म्हणून लिहितेय. यातला शब्द न् शब्द खरा आहे.

मी हॉस्पिटलच्या शिवणखोलीत काम करते. माझी धाकटी बहीण तिथेच नर्स होती. घरी आम्ही तिला चिमणी म्हणतो, कारण तिच्या तोंडाला कधी खळ नसायचा.

गेल्या वर्षी वर्धापनदिनाला जुन्या गणवेशांचं प्रदर्शन मांडायचं ठरलं. हल्लीचा चेनचा, त्याआधीचा टिचबटणांचा, आणि सगळ्यात जुना... घोट्यापर्यंत लांब, ताठ गळपट्टीचा, पाठीवर बटणं असलेला.

ती पितळी बटणं कापडाला शिवलेली नसायची. गणवेश उकळायला टाकताना काढून ठेवायची, नंतर आतून कडी अडकवून परत बसवायची. स्वतःची स्वतःला लावता येत नसत. म्हणून नर्सेस एकमेकींची लावून द्यायच्या.

भर दुपार होती. खोलीत आम्ही दोघीच.

"ताई, मी घालून बघते हं!" चिमणीने विचारलं कुठे, घातलाच.

मी तिच्यासमोर गुडघे टेकून खालची दुमड टाचत होते. तोंडात टाचण्या.

टक...

"हळू लाव गं," ती म्हणाली.

"काय लावू?"

टक... टक...

"बटणं! आणि हात किती गार तुझे!"

माझे दोन्ही हात तिच्या पायाशी होते.

मी उठून मागे गेले. मागे कुणीच नव्हतं. पण पाठ कमरेपासून वरपर्यंत बंद झाली होती...

आणि बटणं टेबलावरच्या डबीत होती. सगळी.

काजं रिकामी होती, तरी दोन्ही पट्ट्या एकमेकींना घट्ट धरून होत्या.

टक... गळपट्टी मिटली.

"ताई... श्वास..."

मी जीव खाऊन ओढलं. कात्री लावली. गादीची खोळ सहज कापणारी माझी कात्री, पण पात्यात कापड येईचना.

"कापू नकोस."

दारात मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. कधीच्याच निवृत्त झालेल्या, प्रदर्शनासाठी बोलावलेल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"जिने लावली, तिनेच सोडायची. ड्यूटी संपल्यावर. आमच्यात तशीच रीत होती."

"पण लावली कुणी?" मी ओरडले.

"साथीच्या वेळी आमच्यातली एक याच गणवेशात गेली," त्या म्हणाल्या. "तिची बटणं लावणारी दुपारीच तापाने गेली होती. मग सोडायला कोण येणार?"

त्या खुर्चीत बसून रडत राहिल्या.

डॉक्टर आले. ऑक्सिजन लावला. चार जणांनी ओढून पाहिलं, पण पट्टी तसूभर हलली नाही. चिमणीचे ओठ निळे पडत होते. मी नुसता तिचा हात धरून बसले. दुसरं काय करणार होते?

संध्याकाळी ड्यूटी बदलायची घंटा झाली.

टक... टक... गळ्यापासून खाली सगळं आपोआप सुटलं.

जिवावरचं शेपटावर निभावलं, असं आम्हाला वाटलं.

चिमणीने नोकरी सोडली. महिन्यापूर्वी आंघोळ करून आली आणि मुकाट्याने मला पाठ दाखवली. कमरेवर एक गोल वळ. हात लावला तर गार...

डॉक्टरांनी मलम दिलं. काही दिवसांनी त्याच्या थोडा वर दुसरा उठला. मग तिसरा. एका रेषेत, सारख्या अंतरावर. माझा जन्म काजं करण्यात गेला. ते अंतर मला मोजावं लागत नाही.

आम्ही घर बदललं. रात्रंदिवस तिच्या पाठीशी बसून पाहिलं. तरी वळ उठतातच.

आज सकाळी तिने विचारलं, "ताई, अजून किती उरलेत गं?"

"बरेच आहेत," मी म्हणाले.

मानेखाली फक्त एकाचीच जागा उरली आहे.