बिननावाचं ग्रीटिंग

"झेरॉक्स निघेल का हो?"

यशोधराने लॅपटॉपवरून मान वर केली. दारात एक उंच तरुण उभा होता, मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवत. बाहेर, संगमनेरच्या स्टँडमागच्या त्या अरुंद गल्लीत, उसाची ट्रॉली अडकली होती आणि सगळे हॉर्न एकदम वाजत होते. रस्ता मोकळा होईपर्यंत कुठेतरी शिरायचं म्हणून हा शिरलाय, हे उघड दिसत होतं.

"झेरॉक्स पुढे, मेडिकलशेजारी. इथे ग्रीटिंग कार्डं होतात."

"ग्रीटिंग? आता कोण पाठवतं? सकाळी मोबाईल उघडला की नुसती फुलं नि सुविचार."

"वाचता का तुम्ही ते?"

"छे!"

"मग… म्हणूनच," ती म्हणाली आणि हसली.

तो पण हसला. ट्रॉली निघून गेली, गल्ली मोकळी झाली, तरी तो उभाच होता. भिंतीवर अडकवलेली कार्डं बघत होता. गिऱ्हाइकं यशोधराला व्हॉट्सॲपवर एखादा फोटो आणि मनातलं दोन ओळींत धाडायची. मग ती ऑनलाइन साइटवर बसून चित्र मांडायची, अक्षरं निवडायची, रंग उजळ-फिके करायची. जाड कागदावर छापून, पाकिटावर हाताने पत्ता लिहून पोस्टात टाकायची. बसल्या जागेवरून, संगमनेरहून जर्मनीला शुभेच्छा गेल्या होत्या तिच्या हातून.

"एक करून द्याल?" त्याने जरा वेळाने विचारलं. आवाज एकदम खाली आला होता. "लहान मुलाचा वाढदिवस आहे. पार्थ नाव. नाशिकला असतो."

"त्याला काय आवडतं?"

"माहीत नाही…" तो गडबडला. "आमच्या घरी एक पांढरी कालवड आहे. तिचा फोटो चालेल?"

तिने कालवड घेतली, कालवडीच्या डोक्यावर वाढदिवसाची टोपी चढवली, गळ्यात घंटेऐवजी फुगा बांधला. तो शेजारी स्टूल ओढून बघत राहिला. टोपी तिरकी झाली तेव्हा तर मोठ्याने हसला.

"खाली काय लिहू? मामाकडून? काकाकडून?"

"नाव नको."

"अहो, मग कळणार कसं कुणी पाठवलं?"

"कळतं," तो म्हणाला.

त्याचं नाव आदिनाथ. घर पुणतांब्याला, गोदावरीकाठी. नोकरी इथे दूध संघात. ते कार्ड गेलं आणि आठवड्याभरात तो परत आला. मग परत. कधी पार्थसाठी नव्या वर्षाचं कार्ड, कधी संक्रांतीचं, कधी कसलंच नाही.

"आज कुणाचा वाढदिवस?" ती विचारायची.

"कालवडीचा."

"मागच्या महिन्यात झाला की!"

"तिथीने झाला. आज तारखेने."

ती खोटं खोटं रागवायची आणि शेजारच्या टपरीवर दोन चहा सांगायची. चहा पिताना त्याची नजर कपावरून वर यायची… आणि तिची पटकन स्क्रीनकडे वळायची. टेबलावर बुद्धाची छोटी मूर्ती होती. आदिनाथने ती पहिल्याच दिवशी पाहिली होती. आडनाव काय, गाव कुठलं, मूळचे कुठले, असं आडवळणाने त्याने कधीच विचारलं नाही. तिला ते फार बरं वाटलं होतं.

पार्थ कोण, हे त्याने एका दुपारी आपणहून सांगितलं. त्याची धाकटी बहीण स्नेहल. तिने आपल्या मनाने लग्न केलं, जातीबाहेर. अण्णांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, त्या दिवसापासून घरात तिचं नाव काढायचं नाही असं बजावलं. "मी मात्र भाच्याला कार्ड पाठवतो," तो म्हणाला. "अण्णांना नकळत."

यशोधराचं काळीज भरून आलं. एवढं चोरून का होईना, पण हा माणूस नातं जपतो, असं तिला वाटलं. ती त्याला जीव लावून बसली होती, ते त्या दुपारी तिचं तिला कळलं.

आणि फाल्गुनातल्या एका संध्याकाळी तो स्टुलावर बसून म्हणाला, "एक कार्ड करायचंय. मजकूर मी सांगतो."

"सांगा."

"'तुझ्यावाचून…' नको, हे सगळेच म्हणतात. असं लिहा — तुझ्या हातचा… म्हणजे तू सांगितलेला चहा घेतला नाही, की मला दिवस उगवल्यासारखा वाटत नाही."

तिची बोटं कीबोर्डवर थांबली. "आणि… पत्ता?"

"ह्याच गल्लीतला."

"खाली नाव?"

"या कार्डावर घाला," तो हळूच म्हणाला. "आदिनाथ. ठळक अक्षरात."

पुढचे महिने कसे गेले ते तिला कळलंच नाही. दुकान बंद करून दोघं प्रवरेच्या घाटावर बसायचे. तो 'अहो'वरून 'अगं'वर आला, ती 'तुम्ही'वरून 'तू'वर. घरचा विषय निघाला की तो पाण्यात खडे टाकायचा. शेवटी तिनेच लावून धरलं, तेव्हा म्हणाला, "या रविवारी अण्णांना घेऊन तुमच्या घरी येतो. शब्द दिला."

शुक्रवारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"कार्डं तुम्हीच करता ना? मागे तुमच्या दुकानाचा नंबर असतो. मी पार्थची आई बोलतेय, नाशिकहून."

"स्नेहलताई!" यशोधरा उठूनच उभी राहिली.

"दादा बरा आहे ना?"

"बरा आहे. तुमची आठवण काढतो सारखी."

मग स्नेहल म्हणाली, "संगमनेरहून नाशिक काय लांब आहे का हो? पण माझ्या लग्नापासून त्याने एकदाही आमचा उंबरा ओलांडला नाही. फोन केला तर उचलत नाही. आता कार्डं तेवढी येतात. आमचा पार्थ पोस्टमनलाच मामा म्हणतो."

यशोधराला ते टोचलं. ती त्याची बाजू घेत म्हणाली, "आता तसं राहणार नाही, ताई. रविवारी तो अण्णांना घेऊन आमच्याकडे येतोय. आमच्या… आमच्या दोघांसाठी."

"तुमचं घर कुठलं?" स्नेहलने विचारलं. यशोधराने वस्ती सांगितली, आडनावही सांगितलं.

"येऊ दे गं बाई," स्नेहल म्हणाली. "खरंच येऊ दे."

रविवारी तिची आई, गीताबाई, पहाटेपासून कामाला लागली. शेजारून खुर्च्या आणल्या, ठेवणीतले कप काढले. वडील सहादू, एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी बसले. दुपार झाली. पोह्यांसाठी चिरलेली कोथिंबीर सुकली. गल्लीत गाडी वाजली की सहादू उभे राहायचे, परत बसायचे.

उन्हं उतरताना यशोधराचा मोबाईल वाजला. आदिनाथचा मेसेज. उघडलं तर एक कार्ड. साइटवरचं तयार, गुलाबी फुलांचं. मध्ये 'माफ कर'. आणि खालच्या कोपऱ्यात, त्याने पुसायचं विसरलेलं, बारीक अक्षरात — 'तुमचा मजकूर येथे लिहा'.

ती बघतच राहिली.

"काय गं?" गीताबाईने विचारलं.

"येत न्हाईत ते, आई."

न वापरलेले कप गीताबाईने उगाच पुन्हा धुतले.

आदिनाथ त्यानंतर आला, दुकानात. दाढी वाढलेली, डोळे लाल. "अण्णांपुढे तोंड उघडलं गं… आईनं पाय धरले. म्हनली, एक लेक गेली, आता तू तरी राहा. मी काय करू?"

"मला काय विचारतोस?"

"यशू, मी तुला विसरणार नाही. दरवर्षी तुझ्या वाढदिवसाला न चुकता…"

"कार्ड पाठवशील?"

"हो," तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला, आणि तेच तिला सहन झालं नाही.

"मला नको आदिनाथ. आणि पार्थचंही मी यापुढे करणार नाही. नाशिकची गाडी पुढच्या स्टँडवरून सुटते. बहिणीला भेटायचं तर तीत बस."

"एवढं सोपं असतं का ते?"

"नसतं," ती म्हणाली. "स्नेहलताईला तरी कुठे सोपं गेलं?"

तो गेला. तिने शटर अर्धं ओढलं आणि छपाईच्या कागदांच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून पोटभर रडली.

थंडी पडली, कारखान्याचे बॉयलर पेटले, रस्त्यावर पुन्हा उसाच्या ट्रॉल्या दिसायला लागल्या. आदिनाथचं लग्न ठरल्याचं दूध संघातल्या कुणीतरी सांगितलं. तिने मान डोलावली आणि हातातलं कार्ड पुरं केलं.

मग एका सकाळी स्नेहलचा फोन. "काही नाही हो… उद्या पार्थचा वाढदिवस. या वर्षी कार्डही आलं नाही. पोरगं रोज पोस्टमनची वाट बघतंय."

यशोधराने हातातला माऊस बाजूला ठेवला. आपण नाही म्हटलं, आणि त्याने दुसरीकडून एक साधं कार्डसुद्धा धाडलं नव्हतं.

"ताई, मी येऊ का उद्या?"

"तुम्ही?" स्नेहल अडखळली. त्या रविवारी काय झालं ते यशोधराने तिला तेव्हाच कळवलं होतं. "पण तुमचं तर… आता काय म्हणून येणार हो तुम्ही?"

"काही म्हणून नाही. नुसती यशोधरा."

दुसऱ्या दिवशी ती नाशिकच्या गाडीत बसली. पत्ता तिला पाठ होता. जिना चढून तिने बेल वाजवली. दार उघडलं ते पार्थने. नवा शर्ट, कपाळावर ओवाळल्याचं कुंकू. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि मग तिच्या बाजूने वाकून मागच्या जिन्याकडे बघायला लागला.

"मामा मागनं येतोय?"

"नाही रे राजा," ती खाली बसत म्हणाली. "मी एकटीच आले."