भूकंपात लसूण किती?

"पूल आज पुन्हा हलला! आईला साहेबांचा फोन आला!" सरपंच कमलबाईंची दिपमाला धापा टाकत अलफियाच्या अंगणात शिरली.

असोद्याच्या नाल्यावरच्या पुलाखाली नुकतीच एक पांढरी पेटी बसवली होती. भूकंपात पूल किती हलतो, ते टिपून ती जळगावला इंजिनियर नवीनसाहेबांच्या कॉम्प्युटरला कळवायची. दिवाळीची सुट्टी लागली आणि पेटीने रोज संध्याकाळी हादरे कळवायचा सपाटाच लावला! साहेबांनी खुर्चीतूनच फर्मान काढलं, सोमवारपासून पुलावरून बस बंद. आणि सोमवारीच तर नाल्यापलीकडची, बसने जायची शाळा उघडणार होती! अब्बांनी अलफियाला शाळेसाठी बोदवडला मामूंकडे ठेवायचं पक्कं केलं होतं.

"मी नाही जाणार!" अलफिया रडकुंडीला आली. मग एकदम थांबली. "ए, पण गावात एक कपबशीसुद्धा हलली नाही. हा कसला भूकंप, नुसता पुलालाच होणारा?"

तिघं पुलाकडे धावली. तिसरा म्हणजे अलफियाचा धाकटा भाऊ झैद, सदा भुकेला.

"वांगी भाजल्याचा वास!" तो ओरडला.

पुलाखाली गावातल्या झुलालनानांची सुट्टीतली रोजची भरीत पार्टी रंगली होती. पेटीला खेटून असलेल्या सिमेंटच्या ओट्यावर लाकडी बडगी, म्हणजे भरीत कुटायची खोलगट काथवट, ठेवून नाना मुसळाने वांगी कुटत होते. धप्प! धप्प!

"नाना, इथं का कुटता?" अलफियाने विचारलं.

"अवं, सरकारनं काय झकास ओटा बांधून देला मले! बडगी जराबी हालत नाही!"

"बडगी हलत नाही, पूल हलतो!" दिपमालाने कपाळावर हात मारला.

पेटीवरचा नंबर अलफियाने नानांच्या मोबाइलवरून लावला आणि साहेबांना सगळं सांगितलं.

"बाळ, हे शास्त्र आहे. भरताने पूल हलत नसतात," साहेब हसले.

"मग कॉम्प्युटरकडे बघा साहेब. आता भूकंप होणार आहे. आधी तीन धक्के, मग थांबून दोन!"

झैदने मुसळ उचललं. धप्प, धप्प, धप्प! ... धप्प, धप्प!

पलीकडे साहेबांची खुर्ची करकरली.

"तीन... मग दोन! तु... तुम्हाला आधीच कसं कळलं?"

"कारण भूकंप आमच्या झैदच्या हातात आहे. लसूण किती घालू, तेवढं सांगा!"

साहेब मोटारसायकल पिटाळत आले. ओटा पाहिला, बडगी पाहिली, आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले.

"पेटीनं खरं तेच कळवलं. चूक माझी, मी पूल बघायलाच आलो नाही," ते सरळ म्हणाले. "शाबास पोरांनो! बस चालू राहील."

"आन मी उद्यापासून निंबाखाली कुटीन," नाना ओशाळून म्हणाले. "पोरी, तुह्या डोक्याले मानलं! साहेब, बसा आता जेवाले."

तोवर लेकरांना शोधत अब्बा आले. सगळं ऐकून त्यांनी आधी अलफियाच्या डोक्यावर हात ठेवला, मग खिशातून मोबाइल काढला.

"भाईजान, अलफिया येत नाही," ते बोदवडला सांगत होते. "तिच्याऐवजी भरीत पाठवतो!"