मुकं ताट

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत बिरप्पांचं घर टॉवेलच्या कारखान्याला भिंतीला भिंत लागून आहे. यंत्रमागांचा खडखडाट पहाटेपासून सुरू होतो आणि घरातली माणसं एकमेकांशी नेहमीच थोडं ओरडून बोलतात. जर्मनीत एक सेमिस्टर शिकून त्यांची लेक संस्कृती फेब्रुवारीत परतली. रिक्षातून उतरताच तो खडखडाट तळपायातून वर चढला आणि कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं.

तिथं तिचं वजन बारा किलोंनी उतरलं होतं. पदार्थविज्ञान शिकणारी मुलगी. तिनं एकेक शक्यता तपासून बाद केली. थायरॉईड नाही, साखर नाही, जंत नाहीत. ती पोटभर जेवत होती आणि वाळत चालली होती. तिथल्या डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या, घरी जाऊन आईच्या हातचं खा.

सुरुवातीला असं नव्हतं. तिकडं केम्निट्झच्या विद्यापीठात सकाळी लेक्चरला बसलं की जिभेवर अचानक कडक भाकरीची आणि शेंगाचटणीची चव यायची, लसणासकट. पोट भरल्यासारखं वाटायचं. घराची आठवण, दुसरं काय, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं. त्या वेळी सोलापुरात दुपारची जेवणं चाललेली असतात, हे तिच्या लक्षात आलं होतं; पण त्यातून काही सिद्ध होत नव्हतं. डिसेंबरात, दुपारी चारलाच अंधार पडायला लागला त्या सुमारास, ती चव यायची बंद झाली. त्यानंतर अन्न अंगी लागेना.

गिरिजाबाईंनी, तिच्या आईनं, दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि लेकीकडं निरखून पाहिलं.

"प्रवासानं अशी दिसतीस. काल चांगली भरलेली होतीस की."

"काल मी विमानात होते, अव्वा."

"व्हय व्हय," म्हणत त्या पदराला हात पुसत आत गेल्या.

जेवायला बसल्यावर संस्कृतीपुढं पाहुण्यांचं ताट आलं. तिचं स्वतःचं ताट, बारशाला मिळालेलं, काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं, ते अव्वा हातात घेऊन तिच्या खोलीकडं निघाली होती. त्यात भाकरी होती, चटणी होती, दह्याची वाटी होती.

"ते कुणाला?"

"तुझंच हाय," गिरिजाबाई म्हणाल्या. बिरप्पांनी मान वर केली नाही.

पद्धत मैंदर्गी गावची, बिरप्पांच्या आईची. घरातलं माणूस परमुलखात असलं की त्याच्या नावाचं ताट रोज वाढायचं आणि नंतर गाईला घालायचं. ते माणूस तिकडं उपाशी राहत नाही म्हणे. संस्कृतीला हे लहानपणापासून माहीत होतं.

"पण मी आले ना आता."

गिरिजाबाई परत येऊन चुलीपाशी बसल्या. बराच वेळ त्या तवा पुसत राहिल्या.

"आत्याबाईंनी, तुझ्या आज्जीनं, सांगितलं हुतं, मुक्यानं वाढायचं. हाक न्हाय मारायची. पण डिसेंबरात लई आठवण आली गं. तू फोनवर दोन मिनिटं बोललीस, परीक्षा हाय म्हणालीस, ठेवलास. ताट मांडताना तोंडातनं गेलं, संस्कृती, ये गं जेवायला."

"मग?"

"ताट रिकामं झालं."

उंदीर असेल, नाहीतर मांजर. संस्कृतीनं खोली तपासली. खिडकीला बारीक जाळी होती, अखंड. मोरीला झाकण होतं. पलंगावरची चादर एका बाजूला चुरगळली होती. तिथं तिनं हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. खोलीला ऊन लागत नव्हतं. चादर कोमट होती.

दुसऱ्या दिवशी अव्वानं हाक मारून ताट ठेवल्यावर तिनं बाहेरून कडी लावली आणि दाराला पाठ टेकून बसली. भिंतीपलीकडं माग वाजत होते. दुसरं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं.

तेवढ्यात लाईट गेली.

सगळे माग एकदम थांबले. त्या शांततेत, पाठीमागं, दारापलीकडं, कुणीतरी कडक भाकरी मोडली. मग चावली. सावकाश, तोंड मिटून, लहानपणी शिकवलं होतं तसं.

"लाईट गेली की ऐकू येतं," अव्वा स्वयंपाकघरातून म्हणाली.

संस्कृतीनं कडी काढली. खोलीत कुणी नव्हतं. ताटात अर्धी भाकरी उरली होती. चावलेल्या कडेवर मधोमध एक छोटा उंचवटा राहिला होता. संस्कृतीचा पुढचा दात सातवीत सायकलवरून पडून अर्धा तुटला होता. तिनं अव्वाकडून एक भाकरी मागून घेतली, चावली आणि दोन्ही तुकडे शेजारी धरले.

तो प्रयोग तिनं पुन्हा केला नाही.

"अव्वा, उद्यापासून ते ताट ठेवू नकोस," ती संध्याकाळी म्हणाली. "माझा वाटा जातोय त्यात. हे हात बघ माझे. मी मरेन गं."

"आन् ती उपाशी ऱ्हाईल?"

"मी तुझी लेक आहे!"

"व्हय की." गिरिजाबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला, अगदी मायेनं. "पण तुला पुढच्या शिक्षणाला परत जायचंय. फोनवर तूच म्हणालीस. ती कुटं जात न्हाय. रोज दुपारी असती हितं."

एकच गोष्ट संस्कृतीच्या हातात होती. हाकेनं ते आलं होतं. तर हाकेला ओ आपण द्यायची. आधी द्यायची. आपलं ताट आपल्या हातात घ्यायचं.

दुसऱ्या दिवशी ती वेळेआधीच आपल्या जागी, भिंतीकडच्या पाटावर, येऊन बसली. लाईट सकाळपासून नव्हती. बाहेर कारखान्याच्या दारात कामगार सायकली टेकवून गप्पा मारत होते. बिरप्पा समोर बसले. गिरिजाबाईंनी नावाचं ताट वाढलं, दह्यावर मीठ घातलं आणि नेहमीसारखी हाक मारली.

"संस्कृती, ये गं जेवायला."

संस्कृतीनं तोंड उघडलं.

जीभ हलली. आवाज आला नाही.

"आले गं अव्वा," आतल्या खोलीतून उत्तर आलं. तुटक्या दातातून जरा हवा सुटत होती.

गिरिजाबाईंचा चेहरा उजळला. ताट घेऊन त्या आत गेल्या.

बिरप्पांनी आता मान वर करून समोरच्या मुलीकडं पाहिलं, जरा अवघडून. मग पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला.

"घ्या," ते म्हणाले. "लांबून आलाय."