तिसरं शंभर

शर्यतीच्या सकाळी रेवती तांडेलने सवयीने कानामागे हात नेला आणि तिथे काहीच लागलं नाही म्हणून ती दचकली. अंतिम फेरीतल्या आठही मुलींच्या ‘लयक’ संयोजकांनी आदल्या दिवशीच काढून घेतल्या होत्या. नाशिकच्या त्या तरणतलावाच्या काठावर सगळ्यांचेच हात सारखे कानामागे जात होते.

लयक म्हणजे नखाएवढी चकती. स्नायू थकू लागले की शरीरात साचणारं आम्ल ती कातडीतूनच मोजायची आणि उरलेल्या जोरानुसार कानामागच्या हाडावर थरथरायची. थरथर जलद असली तर वेग वाढवायचा, संथ असली तर राखून पोहायचं. रेवती लहानपणापासून त्याच तालावर पोहत आली होती. पण लयक सगळ्यांकडे आली, शर्यतींचे निकाल आधीच सांगता येऊ लागले, प्रेक्षक यायचे थांबले. शेवटी महासंघाने अंतिम फेरीत लयकवर बंदी घातली.

“मॅडम, सुरुवात किती जोरात करू?”

तिच्या प्रशिक्षक नझमा मॅडम लयक येण्याआधीच्या काळात हीच चारशे मीटर फ्रीस्टाइल पोहलेल्या. “पहिल्या शंभरात अंग ताजं असतं, ते फसवतं. तिथे हात आखडता घे. दुसऱ्यात लय धर. तिसरं शंभर सगळ्यात वाईट, आपण मंदावतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. तिथे जोर लाव. शेवटचं कसंही निघतं.”

“पण जोर किती उरलाय ते कळणार कसं?”

“अगं, अंगाला कळतं.”

“माझ्या नाही कळत.”

मॅडमनी तिची टोपी नीट केली.

शिट्टी झाली. शेजारच्या मार्गिकेतली फाल्गुनी बाणासारखी सुटली. रेवतीने स्वतःला आवरलं. दुसऱ्या शंभरात खांदे जळायला लागले. ही जळजळ तिने पूर्वीही सोसली होती, पण तेव्हा तिचा अर्थ सांगायला थरथर असायची. आता कानामागे नुसतं पाणी वाहत होतं. तिसऱ्या शंभरात वळण घेताना छाती आवळली, ती घाबरली आणि तिने हात ढिले सोडले.

तेवढ्यात काठावर आरडाओरडा झाला. फाल्गुनीचे हात थांबले होते. मार्गिकेच्या दोराला लटकून ती श्वासासाठी धडपडत होती आणि दोघे जीवरक्षक पाण्यात उतरले होते.

रेवती दुसरी आली. भिंतीला हात लावला तेव्हा तिला नीट बोलता येत होतं, आणि तेच तिला टोचलं.

“फाल्गुनी?” तिने आधी विचारलं.

“शुद्धीवर आहे. ऑक्सिजन दिलाय.” मॅडम खाली वाकल्या. “तू बरंच राखून ठेवलंस, रेवती.”

“मला वाटलं, संपलं सगळं.”

“संपलं नव्हतं.”

पदक घेऊन ती गर्दी पांगेपर्यंत थांबली. मग शेजारच्या सरावाच्या तलावात एकटीच उतरली आणि शर्यतीपेक्षा जोरात पोहू लागली. मॅडम काठावरून तिच्याबरोबर चालत राहिल्या. काही फेऱ्यांनी खांदे पुन्हा पेटले, छाती आवळली. तिने तोंड वर काढून मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी नकारार्थी मान हलवली. किती जोर उरलाय, हे त्यांना सांगता येण्यासारखं नव्हतं.

रेवतीने पुढचा हात टाकला. हे दुखणं तिला थांब म्हणत होतं, की अजून थोडं चल?